गळकी डोणी

आमच्या देवळातल्या बाप्तिस्म्याच्या दगडाला
गाव डोणी म्हणतं.
गुरांना पाणी पाजायची असते ना, तशीच.
फक्त ही उभी, गोल, कमरेइतकी
आणि गळकी.

हिरामण पाथरवटानं ती पांझरेच्या काठी घडवली.
साहेबानं कागदावर फूल काढून दिलं होतं, लिलीचं.
हिरामणनं असलं फूल जन्मात पाहिलं नव्हतं.
त्यानं कागद उलटासुलटा केला, खिशात घातला
आणि कडेनं कपाशीची बोंडं कोरली,
आठ मिटलेली, एक फुटलेलं.
त्या फुटलेल्या बोंडाखालीच
छिन्नी केसभर जास्त गेली.

मेण भरून झालं. चुना-गूळ भरून झाला.
माझ्या बापानं, शांतवन बैसाणेनं,
धुळ्याहून आणलेली पांढरी पुट्टी थापली,
ती पहिल्याच उन्हाळ्यात पापडासारखी सुटली.
पाणी मात्र वाट विसरलं नाही.
भरल्यापासून रितं होईस्तोवर
एक स्तोत्र,
तेही दोनच कडवी.

म्हणून आमच्याकडे नावं आखूड.
इम्मानुएल ठेवायला नेलेला माझा भाऊ
इमान होऊन घरी आला.
कृपावंती आत्या कृपावर थांबली.
पाळक बोटं बुडवायचे तोवर
मागच्या बाकावरून कुणी म्हातारी ओरडायची,
"आटप ना भो, पानी सरी राहिनं!"

सरलेलं पाणी फरशीच्या फटीतून
उंबऱ्याबाहेर निघायचं.
तिथं कोंबड्या टपलेल्या.
गावातल्या किती कोंबड्यांचा बाप्तिस्मा झाला
त्याची वही कुणी ठेवली नाही.

हे सांगताना मी हसते
आणि मग नाही हसत.

आईचं एक पोर सातव्या महिन्यातच आलं,
रात्री, पांझरेला पूर असताना.
पाळक पलीकडच्या काठावर.
सुईण ठगूबाई म्हणाली, सकाळ बघायचं नाही हे.
आईनं अंथरुणातूनच वाटी मागितली,
स्टीलची, आमटीची,
तिच्यातलं पाणी त्याच्या टाळूला लावलं
आणि नाव सांगितलं.
पूर्ण. लांबच्या लांब. सगळं.
वाटी गळत नव्हती.

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी
ती वाटी पदराखाली झाकून देवळात गेली.
मी मागं मागं.
उरलेलं पाणी तिनं डोणीत ओतलं,
फार नव्हतं, घोटभर,
आणि कडेवर हात ठेवून उभी राहिली.
डोणीनं ते किती वेळ धरलं
ते तिनं सांगितलं नाही.
नावही सांगितलं नाही.
वहीत तर नाहीच.

आता झाडलोट माझ्याकडे आहे.
नवे पाळक म्हणतात, सुवार्ताबाई,
रसायन मिळतं, चीर कायमची बुजेल.
बुजवा, मी म्हटलं. पण रविवारनंतर.

रविवारी इमानची नात आहे.
सुरतेहून येतायत सगळे
आणि नाव आणतायत तीन तुकड्यांचं,
मला एका दमात म्हणता येत नाही.
मी हंडा भरून मागं उभी राहणार आहे,
सरत आलं की ओतणार, पुन्हा सरलं की पुन्हा.
इतकी सोपी गोष्ट आधी कुणाला सुचली नसेल असं नाही.
पण ओतायला दुसरा हंडा
होता कुणाकडे?

उंबऱ्याबाहेर चिखल होईल.
होऊ दे.
तुम्ही सावकाश म्हणा.