चौकटीतलं पान

रणसीसरच्या गढीचं हॉटेल झालं तेव्हा
तळघरातल्या बह्या रद्दीच्या भावानं गेल्या.
बऱ्याचशा वाळवीनं आधीच वाचून संपवलेल्या.
उरलेल्या एका पानाला
जयपूरहून आलेल्या डेकोरेटर बाईंनी
सागवानी चौकट बसवली, वर पिवळा दिवा सोडला
आणि ते टांगलं जनान्याच्या जिन्यात,
जिथून आता स्पाकडे जातात.

अक्षरं बिनमात्रांची, सावकारी वळणाची.
पाहुण्यांना नक्षी वाटते.
अख्ख्या हॉटेलात ती लावता येतात
एकट्या छोगारामला, चादरी बदलणाऱ्या.

दर बुधवारी काचेवर फवारा मारताना
तो वाचतो, ओठ न हलवता:
बाईसांच्या लग्नात दिलं ते.
घोड्या दोन, जिनासकट.
तांब्याचे हंडे, लहानमोठे, नऊ.
एक धप, उमर बारा.
पानदान चांदीचं, झाकण सैल.

झाकण सैल.
हे मात्र लिहायला विसरला नाही कामदार.

धप म्हणजे धूपही वाचता येतं.
पण धुपाचं वय कोण लिहितं?
काना आणि उकार छोगारामनं स्वतःच्या पदरचे दिले:
धापू.
म्हणजे पोट भरलं, पुरे.
मुलीवर मुलगी झाली की मारवाडात ठेवतात हे नाव,
देवाला ऐकू जावं म्हणून.
त्याच्या घरात तीन धापू होऊन गेल्या.
ही त्यांतली, की चौथीच कुणी,
विचारावं असं आता कुणी उरलं नाही.
आजी एवढंच सांगायची,
आपण इथं लग्नातच आलो रे.
वऱ्हाडात नाही, सामानात.

काल अकरा नंबरच्या बाई थांबल्या,
पायात कागदी सपाता, अंगाला चंदनाचं तेल.
"किती सुंदर! कविता आहे का?"
छोगाराम खोटं बोलत नाही,
मिनीबारच्या बाटल्यांबद्दलसुद्धा नाही.
"यादी आहे, मॅडम. लग्नाची."
"हाऊ रोमँटिक," त्या म्हणाल्या,
आणि फोटोत येऊ नये म्हणून
त्याला हातानंच जरा बाजूला केलं.

तो झाला.
मग काचेवरचा त्यांच्या बोटाचा ठसा पुसला,
नेमका घोड्यांवर उमटलेला.
फडकं खाली आलं, हंड्यांवरून,
आणि पुढच्या ओळीवर
बराच वेळ राहिलं.

रात्री जेवणं आटोपली की
टेबलाटेबलावरून फिरतं एक चांदीचं पानदान.
वाढपी नवा आहे, बाडमेरकडचा.
छोगाराम त्याला रोज बजावतो:
अंगठ्यानं दाबून धर,
झाकण सैल आहे.