खाली

आत्याचं नाव मथुरा. हाक मारून उपयोग नव्हता.
आम्ही पाय आपटायचो,
ती फरशीतून ऐकायची.

तिचे हात घरात सगळ्यांत जास्त मला कळत,
म्हणून अकराव्या वर्षी, रिबिनी बांधून,
आईने मला तिच्याबरोबर धाडलं
कंपूतल्या सरकारी दवाखान्यात. दुभाषी.
गजकासाठी पाच रुपये वेगळे.

दिगंबरकाका, तेही न ऐकणारे,
फाटकापाशी सायकल धरून उभे.
आत पुरुषांना मनाई.

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं,
"इनसे पूछो, नीचे जलन होती है?"

खाली?
खाली तर घरमालक राहतात, लोढाजी,
त्यांचं आईशी नळावरून वाजलेलं.
मी खुणांनी विचारलं: लोढा. भांडण. आग?
आत्या माझ्याकडे बघतच राहिली.

मग तिनेच सांगितलं,
सावकाश, माझ्यापुरतं सोपं करून:
रात्र. तो. मी.
दोन्ही मुठी, घट्ट.
आणि भुवया वर उचलून:
सगळ्याच बायकांना?

पडद्याला अर्ध्या कड्या नव्हत्या.
रांगेतली एक म्हणाली, "हाय राम, गूँगी को भी?"
ती काय म्हणाली ते मी आत्याला सांगितलं नाही.
आत्या काय म्हणाली ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही.
म्हटलं, "पेट दुखता है."

गुलाबी गोळ्या मिळाल्या, जेवणानंतर चघळायच्या,
पुदिन्याच्या वासाच्या.
दिवाळीपर्यंत चघळत होती.
एक मलाही दिली.

•

आता मी चौतीस.
पैसे भरून घेतलेला नंबर, बंद दार, एसी.
डॉक्टरने विचारलं, त्रास नेमका कुठे होतो?
आणि मी, एम.ए., दोन भाषांत चुरूचुरू बोलणारी,
म्हणाले, "नीचे."

तिथून थेट दौलतगंज.
आत्या मेथी निवडत होती.
मी समोर बसून हातांनी सगळं कबूल केलं,
बोटं अडखळत, अर्ध्या खुणा विसरलेल्या.

तिने एक जुडी संपवली. मग हात पुसले.
माहीत होतं, म्हणाली.
तुझे कान लाल झाले होते.

दुसऱ्यांदा ती एकटी गेली होती.
काकांच्या बाइंडिंगच्या दुकानातलं बिल,
त्याच्या पाठीवर चित्र काढून.
नर्सने दुसऱ्या नर्सला बोलावलं, तिने तिसरीला.
हसणं ऐकू यावं लागत नाही.
पण गोळ्या बरोबर मिळाल्या,
दोघांनी घ्यायच्या, चौदा दिवस.

मूल झालं नाही.
त्या दिवाळीचा नि याचा काही संबंध होता का,
हे विचारायची खूण मला येते.
विचारलं नाही.

तीच सांगत सुटली मग, डोळे बारीक करून:
दिवा घालवला की आमचं बोलणं बंद.
म्हणून बल्ब रात्रभर.
सासू बिलावरून कातावायची,
समोरच्या बायका खिडकीवरून.
आणि वीज गेली की?
वीज गेली की पाठीवर.
तिने मला वळवलं, ब्लाउजवरून दोन बोटं
मणक्याशी ओढली: हळू.
तळवा टेकवला: थांब.
तिसरी खूण करणार होती,
हसली, नि पुन्हा मेथीकडे वळली.

निघताना उंबऱ्यात मी विचारलं,
"खाली"ला तू काय करतेस?

होती तिच्याकडे. तिचीच, कुणी न शिकवलेली.
दोन्ही हात लागतात, म्हणून इथे लिहिता येत नाही.

टेम्पोत, मांडीवरच्या पिशवीखाली
मी ती करून पाहत होते, महाराज बाडा येईपर्यंत.
अंगठा चुकत होता.