चतुःसीमा

हत्तुरे साहेब होडीत बसले,
यंत्राचा डबा मांडीवर, लेकरासारखा.
'बुडणार नाही ना?'
हे त्यांनी स्वतःबद्दल नाही, डब्याबद्दल विचारलं.
इमाम म्हणाला, 'साहेब,
हितं बुडायचं ते सगळं बुडून झालंय.'

करमाळ्याकडून आलं की जुनी सडक
न थांबता उजनीच्या पाण्यात उतरते.
वर राहिलंय ते आमचं टेकाड:
सतरा घरं, एक पिंपरण,
आणि शाळा, मास्तरला होडी मिळाली तर.

कागद भरायला त्यांनी माझंच दार निवडलं,
सावली होती म्हणून.
नाव? द्वारका नगरे.
पूर्वेस काय? पाणी.
पश्चिमेस?
मी म्हणाले, उगा कशाला विचारता, चारदा तेच येईल.
तरी चारदा विचारलं,
चारदा लिहिलं, सुवाच्य.

मग मान वर करून म्हणाले,
चौकट एवढी मोठी आणि घर असं लहान?
सांगितलं त्यांना. सासऱ्यानं खालच्या घरातनं
एवढीच सोडवून आणली, डोक्यावर,
धरण उंबऱ्याला शिवलं त्या रात्री.
सरकारनं लांब कुठंतरी जमीन दिली होती.
तिथं धरणग्रस्ताला कुणी घागरभर पाणी देईना.
माघारी आला, चौकट उभी केली,
घर नंतर तिला चिकटवलं जमेल तसं.

यंत्र तीन पायांवर उभं राहिलं.
कोंबड्या जवळ जाऊन बघून आल्या.

उन्हं कलल्यावर त्यांना पाण्यावर नेलं. मीही वल्ह्याला.
मध्येच इमाम थांबला. 'हे माझं.'
साहेबांनी वाकून बघितलं.
पाणी होतं. एक चिलापी वळून गेली.
'हे आमचं परडं. पलीकडं नगऱ्यांचा गोठा.
मधी बोळ. बोळात कुणी जाळं टाकत न्हाई,
बोळ सगळ्यांचा.'

चाळीस वर्षं असंच चाललंय,
ज्याच्या भिंती त्याचं जाळं.
माझ्या दिरांची वाटणी झाली तेव्हा
न्हाणी धाकट्याला गेली. तिथं वाम सापडतात.
थोरला अजून त्याच्याशी बोलत नाही.
नणंदेला, कौतिकला, लग्नात चुलीची जागा दिली.
भाऊबीजेला येते, दोन रात्री जाळं टाकते,
टोपलीभर माहेर घेऊन जाते.

'पण याची नोंद कुठं?'
इमामनं आधी कारखान्याचं धुराडं दाखवलं,
ते डाव्या खांद्यावर पाहिजे.
मग पिंपरण. 'ती शाळेच्या आड गेली
की खाली आमचा उंबरा.'
साहेबांनी डब्याची कडी काढली, परत लावली.
'पाणी सरकारचं असतं,' म्हणाले,
हळू, घरात कुणी आजारी झोपल्यासारखं.

मे महिन्यात भिंती वर येतात.
तेव्हा टेंभुर्णीचा एक माणूस
गाळपेराची पावती फाडून
आमच्या देवघरात कलिंगडं लावतो.
गोड निघतात. आम्ही विकत घेतो.

जाताना ते चार खुंट्या ठोकून गेले, चुना लावून.
उत्तरेकडची चांगली बसलीय,
तिला होडी बांधतो.

नकाशा शिमग्याच्या सुमाराला आला.
टेकाड भाकरीएवढं, माझं घर तिळाएवढं,
भोवती निळं, निळ्यावर काही लिहिलेलं नाही.
उजेडात धरला तेव्हा दिसली
पेन्सिलची एक रेघ, पुसट,
शिक्क्यानंतर कुणी ओढल्यासारखी:
पिंपरणीपासून शाळेपर्यंत,
आणि तिथून, पट्टी न लावता, आत पाण्यात.

इमामला दाखवला.
त्यानं उलटा धरला, सुलटा धरला,
एक डोळा मिटून बराच वेळ बघितला.
म्हणाला, 'दोन हात चुकलाय.'