रकाना क्रमांक चार

कर्मचारी किती, विचारतो फॉर्म.
एक, लिहिते मी. शमीम मुजावर,
तासिका तत्त्वावर, एप्रिल-मे वगळून.
एप्रिल-मेमध्येही ती मैदानावरच असते,
त्याला रकाना नाही.

खर्च: चेंडू तीन, पैकी एक शिवलेला.
जयसिंगपूरच्या सामन्याचं एसटी भाडं.
केळी दोन डझन, पावती नाही.
लक्ष्मी मार्केटातली बाई म्हणाली,
खावा की गं पोरींनो, पावती कसली मागताय.
ते एकशे वीस रुपये
मी माझ्या पर्समधून मिटवले.

गुणवत्ता: अकराजणी पास, चौघींना एटीकेटी.
गोलकीपर सन्मती चौगुले संख्याशास्त्रात अडकली होती.
कोल्हापूर पॅसेंजर चार तास उशिरा,
मिरज जंक्शनच्या फलाटावर बुटांच्या पिशव्यांवर बसून
शमीमनं तिला संभाव्यता शिकवली:
दहा पेनल्टींतल्या डावीकडे किती येतात,
उजवीकडे किती,
आणि तू नुसती मधे उभी राहिलीस तर?
सन्मतीला बावन्न पडले.

रकाना चार: यशाचं श्रेय.
प्राचार्य खुर्चीमागे उभे होते,
मी 'क्रीडा विभागप्रमुख' लिहिलं.
त्यांना वर्षभरात मैदानावर
पाहिलं ते झेंडावंदनाला.

मग प्राचार्य चहाला गेले.
पेनानं लिहिलेलं खोडता येईना,
म्हणून त्याच ओळीच्या डोक्यावर, मुंगीच्या अक्षरात,
शमीमचं नाव. आणि पुढे:
मानधन दिवाळीपासून थकीत.
विद्यापीठात कुणी भिंग लावून वाचलं तर वाचलं.

बाहेर खिडकीच्या गजावर
धप्प आदळलं काहीतरी.
आवाजावरून कळतं.
तो शिवलेला.