घटनेचे स्थळ

पत्राच्या नमुन्यात चौथा रकाना असतो: घटनेचे स्थळ.
एकवीस वर्षं मी तो न थांबता भरतोय.
मैदान. प्रयोगशाळा. पाण्याच्या टाकीमागे.
आज बोट तिथेच अडलंय.

केतकी धायबर, अकरावी ब.
रात्री अकरा चाळीसला, दांडिया बाजारात,
उकाड्यानं गच्चीवर टाकलेल्या गादीवर पडून
तिनं हेत्वीला आणि आणखी तिघींना
बावीस सेकंदांचा निरोप पाठवला, स्वतःच्या आवाजात:
कर्णिकबाई लायब्ररीत मागच्या कपाटाआड रडतात,
त्यांचे मिस्टर सुरतला राहायला गेलेत,
आणि एकटे नाही गेलेत.
शेवटी खुदकन हसू.
सगळे चिडले ते त्या हसण्यावर.
चौघींच्या चाळीस झाल्या, आणि सकाळी
प्रार्थनेच्या घंटेआधीच निरोप वर्गात येऊन बसला होता.

ठराव: सात दिवस. कारण: शाळेच्या प्रतिमेस बाधा.

फाटकावरची पाटीसुद्धा मीच टाइप केलेली:
बाहेर लावलेल्या सायकलींची जबाबदारी शाळेची नाही.
आणि पुराच्या वर्षी विश्वामित्रीतून मगर आली,
फाटकापासून चार हातांवर
जबडा उघडून निवांत पडली,
तेव्हा मोठ्या बाईंनी वरच्या खिडकीतून विचारलं होतं,
"आत आहे की बाहेर?"
बाहेर, म्हणालो.
"मग वन खात्याला कळवा."

सायकल बाहेरची.
मगर बाहेरची.
गच्चीवरचं हसू तेवढं आतलं.

समितीत मीही होतो, इतिवृत्त लिहायला.
सोनी सर म्हणाले, प्रश्न कुणाच्या तरी संसाराचा आहे,
पोरांना काही धरबंध राहिला नाही.
खरंच होतं ते.
हेच सोनी सर सोमवारी शेवउसळीच्या गाडीवर
पाव बुडवता बुडवता मला म्हणाले होते,
"सुरतवाली पार्लर चालवते म्हणे,"
आणि वर अजून थोडी तरी मागून घेतली होती.
आमच्या बोलण्याची वाफ होते. पुरावा होत नाही.

"हे तुला कुणी सांगितलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.
केतकीनं मान वर केली.

त्या दुपारी ती बोनाफाइडसाठी माझ्या खिडकीशी उभी होती,
फॉर्मवर वडिलांचं नाव लिहीत,
आणि मी फोन खांद्यात दाबून मेहुण्याला सांगत होतो
सुरत, कपाट, रडणं,
सगळं ह्याच क्रमानं.
हसलोही असेन.

तिनं माझ्याकडे बघितलं.
मी उगाचच पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"आठवत नाही," ती म्हणाली.
आणि मी लिहिलं: विद्यार्थिनीस आठवत नाही.

कर्णिकबाईंना कुणी बोलावलंच नव्हतं.
मघाशी त्या आल्या, किल्ल्या टांगायला.
"धायबरकडे एक पुस्तक आहे. मुदत उद्या संपते.
सात दिवस वाढवलीय. दंड लावू नका."
ही क्षमा होती, की नुसती नोंद, मला कळलं नाही.
त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली दिसली.
कधीपासून, कोण जाणे.
त्या बाईविषयी इतकं बोललो होतो मी,
आणि तिच्याकडे बघितलं ते आज.

आता चौथा रकाना.
शाळा, असं लिहिलं. खोडलं.
दांडिया बाजार लिहिलं, तेही नको वाटलं;
गच्चीला काय दोष द्यायचा?
मग लिहिलं: कार्यालय, खिडकी क्रमांक एक.
तारीख घातली, त्या दुपारची. वेळही घातली.

बाहेर बाकावर तिचे वडील
हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेत, सहीसाठी.
प्रिंटर जुना आहे.
गरम व्हायला दोन मिनिटं घेतो.