दोऱ्याने कापायचे असतात

कागदावर लिहिल्याप्रमाणे नाताळचे सहा दिवस माझे.
शाल्मली आली ती पाठीवर सॅक
आणि मुठीत यीस्टची पुडी घेऊन.
"बाबा, दालचिनी आहे ना तुझ्याकडे?"
होती. मसाल्याच्या डब्यात, तमालपत्राखाली,
तीन वर्षांपूर्वीची, पुलावापुरती मोडत आलेली.
खलबत्त्यात कुटताना तिने हुंगून पाहिली.
"झोपलीये. पण उठेल."

दूध कोमट हवं. किती कोमट?
तिने करंगळी बुडवली, डोळे मिटले,
आणि मला तिचं तापलेलं कपाळ आठवलं,
थर्मामीटर काही म्हणो,
मी हाताचंच खरं धरायचो तेव्हा.

मैदा मळायला मी.
माझा डबा बाहेरून येतो, पिठाशी ओळख नाही.
बोटं लडबडली, घड्याळही माखलं.
"मळत राहा रे. सुटतं आपोआप."

खारेगावात डिसेंबरची थंडी म्हणजे
खाडीवरचा ओलसर वारा
आणि वॉचमनची कानटोपी.
पण तेवढ्यानेही पीठ रुसून बसलं.
पातेलं माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून
आम्ही इन्व्हर्टरवर ठेवलं
आणि बाळंतिणीच्या खोलीत डोकवावं तसं
दर दहा मिनिटांनी झाकण किलकिलं करत राहिलो.
दीड तासाने स्वेटरचं पोट वर आलं.

लाटलं. लोणी फासलं. साखर, दालचिनी.
अळूवडीचा करतात तसा घट्ट उंडा.
मी सुरी काढली.
"नको! सुरीने थर दबतात.
दोऱ्याने कापायचे असतात."

दोरा.
कपाटावर, मागच्या बाजूला,
तिच्या आईचा शिवणाचा डबा,
न्यायचा राहिला की ठेवला, कधी विचारलं नाही.
आत हुक, फॉलचे तुकडे,
आता नसलेल्या एका शर्टाची बटणं,
आणि पांढरं रीळ, अर्ध्याच्या वर शिल्लक.

दोरा उंड्याखालून सरकवायचा, वर आणायचा,
फुली करायची, गाठ मारताना करतो तशी,
पण गाठ मारायची नाही.
एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे,
आणि उलट्या दिशांना ओढायचं.
टप्.
"बघ, आतलं गुंडाळणं जसंच्या तसं."
मी बघत राहिलो.
"बाबा, पुढचा."

अकरा झाले आणि टोकाचा एक वेडावाकडा.
तेवढ्यात वीज गेली.
इन्व्हर्टर पंखे फिरवतो, ओव्हनपुढे हात टेकतो.
तिचा चेहरा पाहून मला एकदम
दिवाळीतली बेकरीची रांग आठवली:
नानकटाईचे ट्रे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी,
आणि आमचा ट्रे डोक्यावर घेतलेला मी.
"चल," म्हटलं, "फडकं घे झाकायला."

नाक्यावर शब्बीरभाई पाव काढून
भट्टी जरा निववत बसले होते.
"हे काय नवीन?"
शाल्मलीने कृतीसकट सांगितलं.
"म्हणजे गोड पावच की.
चिठ्ठी लाव, मालात माल मिसळायला नको."
तिने वहीचा कोपरा फाडून लिहिलं: शाल्मली.
आडनावाची जागा मोकळी.
मीही काही बोललो नाही.

वीस मिनिटं बाकावर.
दूध न्यायला आलेल्या बाईने दोनदा विचारलं,
कसला वास, कितीला देणार.
ट्रे बाहेर आला तेव्हा सगळे एकमेकांना चिकटले होते,
मधला तर चारही बाजूंनी.

मजुरी म्हणून शब्बीरभाईंनी वेडावाकडाच उचलला,
फुंकर मारत खाल्ला.
"दालचिनी जुनी आहे."
"पण उठली ना?" शाल्मली म्हणाली.

रात्री तिने आधी चार वेगळे काढले, स्टीलच्या डब्यात,
वर रबर लावलं. कुणासाठी ते सांगितलं नाही,
सांगायची गरज नव्हती.

सकाळी ती अजून झोपलेली.
ओट्यावर दोरा तसाच पडला होता,
साखर लागून ताठ झालेला,
आणि त्यावरून मुंग्यांची ओळ,
काही इकडून तिकडे, काही तिकडून इकडे,
समोर आली की क्षणभर थांबून
एकमेकींना काहीतरी विचारणारी.
मी पुसायला घेतलेलं फडकं
परत खिळ्याला अडकवलं.