कडता

सकाळी सव्वासातला फोन.
सास्काटूनला अजून कालचीच संध्याकाळ, उणे एकोणीस.
"बाबा, तीन कागद पाठवलेत. एक निवडून द्या."

मी काय निवडणार, हेमांगी?
एकोणचाळीस वर्षं जळगावच्या एमआयडीसीत, डाळमिलमध्ये
पोत्यात परखी खुपसली,
मूठभर दाणे तळहातावर, एक दाताखाली.
कट् वाजला की म्हणायचं : वाळलाय, घ्या.
त्यातली निम्मी पोती तुझ्याच मुलखातली,
पिवळा वाटाणा, मसूर.
तू तिकडे जायच्या कितीतरी आधी
मी त्या मुलखाचं नाव तागावर वाचलं होतं,
एकेक अक्षर बोटाने.

भंगाळेच्या झेरॉक्समधून छापून आणले कागद.
पहिला बँकेचा, गुळगुळीत,
वर हसणारं म्हातारं जोडपं, मागे तळं.
दुसरा, तिसरा साधे. नुसते आकडे.

"या दुसऱ्यात किती कंपन्या?"
"तेरा हजार."
"तेरा हजार?"
"अख्ख्या जगाचं थोडं थोडं, बाबा."
म्हणजे परखी नको, दात नको,
बाजार समितीचं अख्खं आवार उचलून आणायचं,
चांगलं, किडकं, माती, सगळं.
"निवडणाऱ्यांचा हात चुकतोच," ती म्हणाली,
"म्हणून न निवडणं स्वस्त."
मी हात लुंगीला पुसला, उगाच.

तिसऱ्यात शंभरातले वीस कर्जरोखे.
बाजार पडला तर झोप यावी म्हणून.
"तुला झोप येते ना पण?"
"येते."
"मग दुसरा."
आतून हिची हाक : "तिले म्हणा सोनं घे!"
या गावात हे म्हणावंच लागतं.

मग खर्चाची ओळ.
दुसऱ्याला शंभरामागे वीस सेंट, तिसऱ्याला चोवीस,
बँकेच्या गुळगुळीत कागदाला दोन डॉलर.
"दोनच तर," बँकेतली बाई म्हणाली होती तिला.

कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं,
महिन्याला पाचशे, तीस वर्षं.
दोनदा केलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
चार पोत्यांमागे एक पोतं जातं,
वर थोडी चुरी.

हे गणित मला नवं नव्हतं.
क्विंटलमागे दोनशे ग्रॅम कडता,
धूळ म्हणून, ओल म्हणून, रीत म्हणून.
काट्याशी मीच उभा असायचो.
दोनशे ग्रॅमांसाठी कोण भांडतं?
एक जण भांडला होता, चोपड्याकडचा,
त्याला मी हसलो होतो.
शेठच्या बंगल्याचा तिसरा मजला
त्याच दोनशे ग्रॅमांचा आहे,
आणि दिवाळीचं माझं पाकीटही.

हे तिला सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, "बँकेचा नको. कडता फार."
ती हसली. शब्द तिला आठवत होता.

"एक विचारू?
तेरा हजारांत एकट्या कॅनडाचा वाटा पाव का?
जगात तो एवढा मोठा आहे का?"
"नाही. पण खर्च तिथल्या पैशात करायचाय ना बाबा,
म्हणून घरचं थोडं जास्त धरतात."
घरचं.
"आणि आपलं?"
"आहे की. शंभरात दोन-तीन."

"तीस वर्षं काढायचे नाहीत म्हणतेस?"
"तीस. त्याआधी हात नाही लावायचा."

जे मी चार वर्षं विचारत नव्हतो
त्याचं उत्तर असं आलं, कोणी न विचारता,
आकड्यांच्या रांगेतून.

"बरं," मी म्हणालो. "दुसराच घे.
दर महिन्याच्या एक तारखेला. भाव बघू नको."

गच्चीवर ही बिबडे घालत होती,
खाली जुनं पोतं उसवून पसरलेलं.
मी कोपऱ्यावर वीट ठेवली.
छापील नाव उन्हाने विटलंय,
मधली दोन अक्षरं तेवढी वाचता येतात.
"काय ठरलं?" तिने विचारलं.
"वाळायला वेळ लागेल," मी म्हणालो.
तिला वाटलं, बिबड्यांचंच बोलतोय.